चौदावं रीळ

आमच्या कुडचड्याच्या टॉकीजला
सिनेमा कधी अख्खा येत नसे.
पुलापलीकडे सावर्ड्यात साडेपाचचा खेळ, आमच्याकडे साडेसहाचा,
मधल्या रस्त्यावर शाणू पायलट,
पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल,
मागच्या सीटवर माणसाऐवजी पत्र्याचा डबा,
डब्यात पुढची दहा मिनिटं.

त्या शनिवारी तेराच रिळं आली.

सिनेमात होतं काय? काही नव्हतं.
डोंगरातल्या कुठल्याशा शाळेची चार पोरं,
परीक्षेच्या आदल्या रात्री दूधवाल्याचा टेम्पो पळवतात
आणि समुद्र बघायला निघतात.
टायर फुटतो, कलिंगड फोडतात, भांडतात,
एक मुलगी स्वतःची वेणी स्वतः कापते,
खिडकीबाहेर धरते
आणि सोडते.

समुद्र आमच्यापासून तासाभरावर.
पण मोठ्या माणसांशिवाय पाहिलेला समुद्र
आम्हा तिघींत एकीकडेही नव्हता.
वेणीच्या वेळी ब्राझिन्याने माझं मनगट असं आवळलं
की बांगडी पिचली.
घरी मी सांगितलं, नळावर पडले.

तेराव्या रिळाच्या शेवटी
टेम्पो एका उतारावर येतो. इंजिन बंद, दिवे बंद.
नुसता उतारच त्यांना खाली नेतो.
अंधारात कुणीतरी विचारतं, "ब्रेक आहे ना?"
आणि पडदा पांढरा.

ऑपरेटर तियोफील भोकातून ओरडला, "पाच मिण्टां रे!"
पाचाची चाळीस झाली.
शिट्ट्या, शेंगांची टरफलं, पैसे परत द्या,
मग लोक पांगले.

आम्ही पुलाकडे गेलो. का, ते आठवत नाही.
खनिजाचे ट्रक एकामागे एक अडकलेले,
भुवयांवर लाल धूळ, खाली बार्जचे दिवे.
सुलक्षाने एका ड्रायव्हरकडे हॉर्न मागितला,
जसा कुणी विडी मागावी.
त्याने दिला. लांबलचक.
मग मागच्याने दिला, मग त्याच्या मागच्याने,
मग सगळा पूलच वाजायला लागला
आणि आम्ही तिघी मधोमध, कानांवर हात,
तोंडं उघडी.

त्याच गर्दीतून शाणू वाट काढत गेला,
डब्यासकट.
आम्ही त्याला हात केला.
शेवट आमच्या कोपराला घासून गेला
आणि आम्ही हात केला!

टॉकीजमध्ये आता खताची गोदामं आहेत.
सुलक्षा क्रेडिट सोसायटीत, पुढच्या वर्षी सुटेल.
परवा पर्वरीला भाच्याकडे गेले
तर त्याची पोर जमिनीवर पालथी पडून फोनवर
तोच टेम्पो बघत होती.
सदतीस वर्षं जुना सिनेमा, गो, तुला कुठे सापडला?
"सगळ्या वर्गाने पाहिलाय," म्हणाली, मान वर न करता,
आणि वेणी मागे नेली, पुन्हा सोडली,
मागे नेली, पुन्हा सोडली.

उतार आला तेव्हा मी उठायला हवं होतं.
नाही उठले.

चौदाव्या रिळात सकाळ होते.
वाळूवर चार बाप रांगेने उभे, मागे जीप.
डोक्याला रुमाल बांधून ती मुलगी पेपर लिहिते.
घंटा.
वाईट नाही. बहुधा असंच होतं.
पोर म्हणाली, "हे मी नेहमी कट करते."
मला वाटलं होतं
ते फक्त तियोफीलच्या टॉकीजला जमलं.

रात्री ब्राझिन्याला फोन लावला, स्विंडनला.
ती पाळीवरून येत होती, बसस्टॉपवर उभी.
म्हटलं, आज शेवट पाहिला.
पलीकडे नुसता वारा.
मग, "सांगूं नाका गो."

मग बांगड्यांचा भाव विचारला तिने,
आणि बस आली.