पुढचा गळा

शहापुरात सव्वीस वर्षं मी गळे कापतेय.
हे पोलिसासमोर बोलू नको मावशी,
असं निंगाप्पा म्हणायचा, काज-बटणवाला.
पुढचा साडेसहा, मागचा नऊ,
पान, मटका, चौकोनी, बंद.
दिवसभर टेप माझ्याच गळ्यात.
तिच्याखाली ते वाढत होतं
आणि मी म्हणत होते, टेपचंच वजन.

आधी आवाज बसला.
गिऱ्हाइकं विचारायची, थंड काय प्यालीस काय?
मग हुक्केरी डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबून बघितलं,
नर्सला कानडीत काहीतरी म्हणाले.
गंटु म्हणजे गाठ, गंटलु म्हणजे गळा.
एवढं मला येतं.
मधे एकच अक्षर.

काचा मुंबईला गेल्या,
दीड महिन्यानं परत आल्या, तपकिरी होऊन.
थायरॉईडमधली, पण थायरॉईडची नव्हे.
थायमससारखी, पण थायमसच्या जागी नव्हे.
आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत किल्ला होतो,
धाकटी डॉक्टरीण म्हणाली,
हसली, आणि लगेच ओशाळली.
असू दे गं, म्हटलं मी,
किल्ला काय, आमच्या स्टँडाजवळच आहे.

तिनेच रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं.
पोटातल्या बाळाच्या गळ्याशी ही ग्रंथी उगवते,
मग खाली छातीत उतरते, शाळा मांडते,
रक्तातल्या पोरांना शिकवते
आपलं कुठलं, परकं कुठलं.
पोरं मोठी झाली की आक्रसते, नुसती चरबी उरते.
कधी उतरता उतरता
एखादा कपटा वरच राहून जातो.

कातरण मला कळतं.
टेबलाखाली पडतं, कुणी विचारत नाही,
पण असतं त्याच ताग्याचं.
माझी थोरली आत्या शिनोळीला दिलेली.
तिची पाटी वेगळी, रेशन वेगळं, बसचा रंग वेगळा.
आम्ही कुठं हाललो गं, म्हणायची ती,
रेघच गेली मधनं.
हे मी डॉक्टरणीला सांगितलं नाही.
बाहेर चाळीस पेशंट बसलेले.

साडेपाच तास लागले.
आवाजाची नस गाठीला चिकटलेली,
ती सोडवली म्हणे एकेक दोरा बघून.
उसवणं शिवण्यापेक्षा अवघड, हे मी कुणालाही सांगितलं असतं.
नंतर तेहतीस दिवस किरणं.
तोंडावर, गळ्यावर जाळीचा साचा, माझ्याच मापाचा.
फिटिंग छान आहे, म्हटलं मी त्या पोराला.
त्याला कळलं नाही.
आवाजच तसा होता, चाळणीत रवा हलवावा तसा.

अजून तसाच आहे.
दुर्मिळ म्हणतात. पुस्तकात चार ओळी.
माझ्या वह्यांत हजारो गळे आहेत,
एकाच्याही पुढं असं काही लिहिलेलं नाही.

काल मुचंडीकरांची सविता आली, लग्नाचे पाच ब्लाऊज.
पुढचा किती घेऊ मावशी, खोल चालेल की!
टेप लावली.
हाडाच्या खोबणीत, जिथं माझा व्रण संपतो,
तिथं माझं बोट थांबलं.
मऊ होतं. काही नव्हतं.
ती गुदगुल्यांनी हसली.
साडेसहा, मी लिहिलं.
मग खोडून सहा केलं.