चार बोटं

अकरा नंबरच्या खांबापाशी
क्रेन बहिरी व्हायची.
रोज तिथंच, रात्रपाळीत, रोलिंग मिल तापली की.
फार नाही, दीड सेकंद.
पण पीएलसीच्या हिशोबात दीड सेकंद गप्प राहिला
म्हणजे माणूस गेला.
धाडकन ब्रेक,
आणि तीन टन लाल बिलेटं साखळीला लोंबकळत,
बोलता बोलता कुणी वाक्य विसरावं तशी.

पुण्याहून फोनवर सांगितलं, गेन वाढवा.
वाढवला.
बोटभर होता तो काढून हातभर लावला,
पांढराशुभ्र, मालकांना दाखवण्यासारखा.
आता क्रेन तीन खांबांपाशी बहिरी.

मैनोद्दीन मामू शिडी उतरून आले.
"बाई, तुमचा हा नवा दांडा
लांबचं बघतोय. डोक्यावरचं नाही."
एवढं बोलून चहाला गेले.

मी पॅनलला टेकून डबा उघडला.
भाकरी. गार झालेली, तरी कडा कडक.
आई थापते तेव्हा पीठ वाढत नाही.
तेवढाच गोळा,
थापेल तितका रुंद, थापेल तितका पातळ.
मग गेन म्हणजे दुसरं काय?
आयटीआयला चार मार्कांसाठी पाठ केलेली आकृती
आज ठेच्याबरोबर गिळताना समजली.
माझी भाकरी पसरली होती
पार गेटपर्यंत, काट्यावरच्या ट्रकांपर्यंत,
रस्त्यापलीकडच्या बियाण्यांच्या गोदामापर्यंत,
आणि बरोब्बर डोक्यावर, अकरा मीटरवर,
मामूंच्या केबिनला
कोरसुद्धा नाही.

जुना बोटभर परत लावला.
तीन खांब सुटले. अकरावा राहिला.

लोखंडाच्या शेडमध्ये शब्द एकटा जात नाही.
पत्र्यावरून येतो, गर्डरवरून येतो,
थप्पी लावलेल्या सळयांवरून येतो,
स्वतःच्याच मागून अर्धं पाऊल उशिरा.
"हो" आणि उशिराचा "हो"
नेमके समोरासमोर आले
की उरतं काहीच नाही.

मामूंनी क्रेन अकराव्यावर आणून धरली.
गहिनीनाथ लॅपटॉपवर आकडा वाचायला,
मी पॅनलच्या टपावर पालथी,
लोहचुंबकाचं बूड सरकवत.
उणे अठ्ठ्याऐंशी. एक बोट. उणे चौऱ्याऐंशी.
दोन बोटं. "अजून, ताई."
चार बोटांवर उणे त्रेसष्ट!
गहिनीनाथनं शिट्टी मारली.
मी खाली उतरेपर्यंत
क्रेन तेराव्यापाशी थांबलेली.
बहिरेपण गेलं नव्हतं,
दोन घरं सोडून राहायला गेलं होतं.

पहाटे साडेचारला मामूंना विचारलं,
वर केबिनच्या मागं जागा आहे का?
"काय?" म्हणाले, आणि मान वळवली.
डावा कान मिलनं खाल्लाय त्यांचा,
सव्वीस वर्षांत, हप्त्या-हप्त्यानं.
मान वळते, उजवा पुढं येतो,
आणि काम भागतं.

मी रेडिओ पुन्हा बघितला.
दुसरं भोक होतं की त्याला.
पहिल्या दिवसापासून होतं,
काळं बूच लावलेलं.

बूच काढलं. वर दुसरा अँटेना,
पहिल्यापासून चार बोटं आणि थोडं जास्त,
केबल जमेल तितकी आखूड,
आचेपासून लांब.
एकाला ऐकू आलं नाही तर दुसऱ्याला येईल,
दोघांनाही येणार नाही अशी जागा
या शेडमध्ये असेलही,
आज सापडली नाही.

दहावा. अकरावा. बारावा. तेरावा.
बिलेटं गेली, पाण्यावरून दिवा जावा तशी,
आणि कुणाचंच लक्ष नव्हतं.
लॉगबुकात शेरा लिहिला: काही विशेष नाही.

"मामू, झालं!" मी खालून ओरडले.
केबिनमधून एक मान वळली.
"काय?"