सोळा स्क्रू, एक किल्ली

बुधवारी अकराच्या फेरीला
एका बोलेरोवाल्याला सुटे परत देता देता
खुर्चीचा मागचा डावा पाय गेला.
पडले नाही, टेबल धरलं.
पण नाणी गेली फळ्यांच्या फटींतून खाली
आणि भरतीनं ती मोजून घेतली.

फणसाच्या लाकडाची होती.
माझ्याआधी अठ्ठावीस वर्षं तिच्यात बसून
विचारेभाऊंनी तिकिटं फाडली.
त्यांच्या कोपरांनी पाडलेल्या खळग्यांत
माझी कोपरं कधी नीट मावली नाहीत,
तरी सवय झाली होती,
दुसऱ्याच्या चपला घालून
अंगणापुरतं जाऊन यावं तशी.

पाच दिवस आंब्याच्या पेटीवर काढले.
मग शेठनी मागवलेली नवी आली.
चपटी.
"यात खुर्ची कुठाय?"
"आतच आहे," कुरियरचा पोरगा म्हणाला, "तुम्हीच बसवायची."
आजवर मी नुसती बसायचे.

आठ फळ्या. सोळा स्क्रू.
संधिवाताच्या बोटासारखी वाकडी एक किल्ली.
आणि एक कागद, त्यावर अक्षर नाही,
फक्त एक टकला माणूस, हसरा,
त्याच्या कपाळावर घामाचा थेंबही नाही.
धोपाव्याला येऊन दाखव म्हणावं, मे महिन्यात.

साडेबाराच्या फेरीची वाट बघत
कुवारी गुरुजींनी कागद उलटा धरला
आणि पाठ कुठली, बैठक कुठली ते ओळखलं.
उलटाच धरला होता हे नंतर कळलं.
तोवर ते दाभोळला उतरले होते.

मग लीलाबाई आल्या, बांगड्यांची पाटी खाली ठेवून
माझा हातच धरला:
"अगो, येवढ्यात आवळू नको.
आधी सगळे सैल लाव.
एकमेकांना वळखू दे. मग आवळ."
होडी बांधताना त्यांचे सासरे म्हणायचे म्हणे असं,
की सून घरात आली तेव्हा म्हणाले,
नीट ऐकू आलं नाही,
भोंगा वाजत होता.

दीडच्या फेरीला वऱ्हाड.
नवरीचा मामा एका गुडघ्यावर बसला,
फेटा सांभाळत नऊ स्क्रू पिळले त्यानं,
दहाव्याला हाकाटी झाली, मामा, चला!
मामा गेला.
किल्लीही गेली.
लग्नघरच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्या खिशात,
त्याच्या हाती आणखी एक आली
तर ती जाणार कुठं?

दोन फेऱ्या मी उभ्यानं तिकिटं फाडली.
शेजारी अर्धी खुर्ची,
मांडी ठोकून बसावं की उठावं
हे न ठरलेल्या पाहुण्यासारखी.

पावणेचारला खलाशी नाझिम
रुमालात बांधून घेऊन आला
बुंदीचा अर्धा लाडू
(उरलेला अर्धा मी विचारला नाही)
आणि दोन किल्ल्या.
एक आमची.
दुसरी पितळेची, कुणाच्या तरी कपाटाची.
पलीकडे नवरी पाटावर, दागिने आत,
आणि माझ्या हातात हे!
परतीच्या फेरीनं ती धाडली.
तिकीट लावलं नाही.

दिवेलागणीला खुर्ची उभी राहिली.
जरा डुलते.
फेरी धक्क्याला लागली की केबिनही डुलते,
तेव्हा आम्ही तिघी एकदम.
हातांवर अजून खळगे नाहीत,
कोपर घसरतं.

जुनीची बैठक नाझिमनं नेली,
ओहोटीला पाणी खाली जातं तिथं पायरी म्हणून ठोकली.
लीलाबाई रिकामी पाटी घेऊन तिच्यावरून चढल्या,
खाली न बघता.

सोळांतला एक स्क्रू उरलाय.
कुठला, कागदालाच ठाऊक.
गल्ल्यात टाकला होता, दोनच्या नाण्यांत.
काल शेवटच्या फेरीला, वीज गेलेली असताना,
एका गृहस्थांना तो सुट्यांत दिला गेला.
आता तो पलीकडे आहे.
येईल एखाद्या फेरीनं.