सात किलोमीटर

माधवनगर रस्त्याला, जुन्या वखारीमागं, पत्र्याच्या कुंपणात
एकशे एक्केचाळीस गाड्या उभ्या आहेत.
मंगळवारी आणि शनिवारी मी त्यांना जागं करतो.
किल्ल्यांचं खोकं काखेत.
एक अख्खी ओळ चालू करायची, दहा मिनिटं धुरात उभं राहायचं,
मग एकेक गाडी आज हातभर पुढं, शनिवारी हातभर मागं,
नाहीतर टायर एकाच जागी बसतो.
माणसासारखंच की हो, मॅनेजर भडभडे म्हणतात
आणि खुर्चीत जरा सरकून घेतात.
ओळ सुरू झाली की वाटतं वरात निघाली,
जागच्या जागी.

सगळ्यांच्या काट्यावर सात किलोमीटर.
फाट्याला ट्रेलरवरून उतरल्या, इथवर आल्या,
तेवढंच त्यांचं जग.
घड्याळात बारा. ते कुणी लावलेलंच नाही.

अब्बा हरिपूरला हळदीच्या पेवांवर होते.
पेवाचं तोंड उघडायचं आणि थांबायचं,
कोंडलेला वारा निघून जाईपर्यंत.
मग दोरानं कंदील सोडायचा.
कंदील जगला तरच माणूस उतरायचा.
आत हळद वर्षानुवर्षं, ना कीड ना ओल,
आणि वर व्यापारी तंबाखू मळत म्हणायचा, असू दे अजून.
थांबलेली हळद भाव खायची.

मीही दार उघडतो आणि थांबतो.
नव्या रेक्झिनचा वास बाहेर येतो, डोळ्यांना झोंबतो.
पण हे पेव उलटं आहे.

काचेवरचा कागद मीच बदलतो.
दसऱ्याला अकरा लाख चाळीस.
दिवाळी सरल्यावर दहा पंच्याऐंशी.
मग विमा फुकट, मग सीट कव्हर,
मग सोन्याचं नाणं, जे फक्त फलकावर आलं.
जुना डिंक खरवडून निघत नाही, म्हणून नवा कागद त्याच्यावरच.
नखानं उचकटलं तर कांद्यासारखे पापुद्रे,
खाली जावं तसे महाग.

चासीच्या पट्टीवर साल कोरलेलं असतं.
एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता
एकही चाक न हलता
सगळ्या एका वर्षानं जुन्या झाल्या.
मी तिथंच होतो, शेकोटीजवळ.
काही आवाज झाला नाही.

फेब्रुवारीत बिरनाळे आले, कुपवाडच्या फाउंड्रीतले सुपरवायझर.
दसऱ्याला हार घालून नेलेली गाडी, आजही धुतलेली.
ती फाटकाबाहेर लावली आणि आत येऊन
त्याच रंगाच्या, त्याच मॉडेलसमोर उभे राहिले.
नऊ सत्तर.
कागदावरून बोट फिरवलं, जणू आकडा ओला असावा.
आमच्याकडं भट्टी आता आठवड्यात तीनच दिवस, म्हणाले.
ह्याच गाडीचं हब ओततो आम्ही. ओतायचो.
मग खाली वाकून चाकाकडं बघत राहिले.
जाताना म्हणाले, मुनीरभाई, तुम्ही पेढा खाल्ला होता ना माझा?
खाल्ला होता.
एक लाख सत्तर हजारांचा होता तो, म्हणाले,
आणि हसले की काय, ते कळलं नाही.

मी पण मनात हिशेब धरून होतो.
असाच उतरत राहिला भाव
तर एक दिवस माझ्या पायरीला येईल.
एखादी लाल, मागच्या ओळीतली, शबानाला आवडेल अशी.
मार्चला शेठनी सगळ्यांचे पगार तीन हजारांनी उतरवले.
आता आम्ही एकाच जिन्यानं उतरतोय, मी आणि ती लाल,
मधल्या पायऱ्या तेवढ्याच.

आज शनिवार.
अठ्ठ्याऐंशी नंबर चालूच होईना.
बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या कडेला घरटं,
वायरचं रबर, सीटचा फोम,
आणि किमतीच्या कागदाच्या बारीक चिंध्या,
चाळीस, पंच्याऐंशी, एक तुटका नऊ.
त्यात पाच पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली.
ह्या यार्डात कुणीतरी गाडी घेतली होती.

औषधाची पुडी ऑफिसात, वरच्या खणात असते.
मी बॉनेट खाली टेकवलं, आपटलं नाही.
वहीत अठ्ठ्याऐंशीपुढं लिहिलं:
चालू. दहा मिनिटं.