मागचा दिवा

दोनशे साठ युरोला घेतली ती ईझ,
त्यातले साठ अजून द्यायचे होते.
टाकीवर शेवाळी रंगाचे दोन हात, खाली मूळचा लाल.
तिसऱ्या लाथेला सुरू होते, हॉर्न बरा,
पुढचा दिवा लख्ख.
मागे काळोख.

“बल्ब गेला असेल,” जेनोवेफा म्हणाली होती,
“आमच्या डोनात्सच्या हाताला बल्ब कधी टिकलेच नाहीत.”

बल्ब गेला नव्हता.
खिडकीशी धरून पाहिला, दोन्ही तारा शाबूत,
बारीक ती रात्रीची, जाड ती ब्रेकची.
सॉकेटातला हिरवा गंज सुरीच्या टोकानं खरवडला,
पितळेची जीभ जरा वर उचलली.
ब्रेक दाबला की पेटतो. सोडला की
काही नाही.
म्हणजे अर्थ ठीक. म्हणजे दोष
एकाच तपकिरी वायरीत, दडून बसलाय
हँडलपासून शेपटापर्यंतच्या दोन मीटरांत कुठेतरी.

मी लुद्झाच्या दवाखान्यात एक्स-रे काढते.
माणसं निदान बोट ठेवून सांगतात, इथे दुखतंय.

टेस्टरचा चिमटा फ्रेमला लावला,
सुई टोचत टोचत पुढून मागे निघाले.
बटणापाशी, आहे.
टाकीखाली, आहे.
सीटच्या पुढच्या काठाशी, आहे.
मागच्या काठाशी
नाही.

सीट उचलली. बर्चच्या बिया, एक अनाथ नट,
आणि डोनात्सचं काम. काय नीटस काम!
प्रत्येक जोड पिळून, डाख देऊन, वर कापडी पट्टी,
शिवणीसारखी सरळ.
आणि त्या शिवणीत, डाव्या हाताला
बसल्या बसल्या सापडेल अशा जागी,
टेबललॅम्पचं एक जुनं बटण.
बंद.

चालू केलं.
गोठ्याच्या भिंतीवर लाल उजेड पडला,
वासरानं मान वळवली.

पुढचं दिसू नये म्हणून धडपडणारी माणसं पाहिलीत मी.
मागचं विझवायचं कशाला?
सरहद्द इथून अर्ध्या तासावर. सिगारेटी असतील.
तळ्यात रात्रीची जाळी असतील.
मेलेल्या माणसाची झडती घेणारी मी कोण?
बटण कापलं, वायर सरळ जोडली, डाख दिला, पट्टी गुंडाळली.
बटण स्क्रूंच्या डब्यात गेलं.

रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, साठ युरो द्यायला गेले.
तिनं चहा केला, मग काकडीच्या लोणच्याची बरणी
नको नको म्हणताना पिशवीत घातली, गप्पांत अंधारून आलं.
नोटा मोजता मोजता म्हणाली,
“रोज इथेच उभी राहायचे मी, या खिडकीत.
त्याचा लाल दिवा क्रुसाच्या वळणापर्यंत दिसायचा.
तिथे विझायचा.
झाडी दाट आहे ना तिकडे.”
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.
सहाच नोटा होत्या.

मी बाहेर पाहिलं.
क्रूस. वळण. वळणापलीकडे बटाट्याचं उपटलेलं शेत,
सपाट, थेट फाट्यापर्यंत.
एक रस्ता तळ्याकडे, एक गिरणीच्या घरांकडे.
झाडं म्हणाल तर तीन, आणि नोव्हेंबर.

किक. किक. तिसऱ्याला लागली.
अंगणातून निघाले तेव्हा ती खिडकीतच होती.
क्रुसापाशी माझा डावा हात
आपसूक सीटखाली गेला.
तिथे नुसती पट्टी, माझीच, जरा ओबडधोबड.

वळणावर ब्रेक मारावाच लागला,
जाड तारही पेटली असणार.
मग शेत. शेतावरून माझा लाल ठिपका
चालला असणार, ठळक, फाट्यापर्यंत,
फाट्यावरून पुढे.

आरशात तिची खिडकी होती.
मग नव्हती.
पडदा ओढला असेल.
किंवा रस्ताच वळला.