कपडे राखणारा

सोमवारी शिरोलीची भट्टी बंद,
म्हणून आमचा उन्हाळा सोमवारचा.
पहाटे साडेपाचला सर्जेराव गल्लीच्या तोंडाला येतो,
हॉर्न देत नाही, नुसता खाकरतो.
ते खाकरणं आमचं मांजरसुद्धा ओळखतं.

मोपेडवर तिघं. मागून सायकलवर दस्तगीर,
खांद्यात ट्रकची जुनी ट्यूब अडकवून.
ट्यूब आमची, वागवायची त्यानं,
आणि पोहता येत नाही तेही त्यालाच.

मे महिन्यात पंचगंगेला पाणी ते किती!
पावसाळ्यात ज्या पायऱ्या माशांच्या,
त्या आता आमच्या.
हातानं केंदाळ सारायचं, नाक दाबायचं, आणि दणका.
पहिल्या बुडीत डोक्यातली भट्टी विझते.
चर्र आवाज येतो. हसू नका, मला येतो.

दस्तगीर वरच्या पायरीवर, मांडीवर आमचे कपडे.
शिंपी माणूस, रिकामा बसेल तर शपथ.
कॉलरच्या आत सुई टोचलेली, तिला दोऱ्याचे वेढे.
आम्ही सूर मारतोय, हा शिवण तपासतोय.
वर येऊन बघावं तर शर्टाला बटण लागलेलं,
खिशाचं भोक बुजलेलं,
विलासच्या पँटची कंबर न विचारता अर्धा इंच सैल.
"पोट बघ की तुझं," एवढंच म्हणायचा.

वीस वर्षं.
वीस वर्षांत आम्ही त्याला 'ये' म्हणालो नाही.
म्हणालो असू,
आपलं ताट धुवून झाल्यावर
दारातल्या माणसाला 'जेवतोस का' विचारतात, तसं.

गेल्या सोमवारी त्यानं सुई कॉलरमध्ये खोचली,
शर्ट काढला, घडी घातली,
गिऱ्हाइकाच्या कपड्याला घालतो तशी,
आणि म्हणाला, "धरा रं मला."
सर्जेरावच्या नाकात पाणी गेलं.

एकानं मान, एकानं पाठ, मी टाचा.
मशीनच्या पायट्यानं घट्टे पडलेल्या त्या टाचा
पाण्यातसुद्धा वरखाली होत होत्या,
नदीला टीप घालत असल्यागत.
"सोडू?"
"नको."
"सोडू का?"
"नको म्हणतोय न्हवं!"
आमचे हात केव्हाच आमच्याकडे परत आले होते.
तो आभाळाकडे बघून
पोटात श्वास धरून
नको नको म्हणत तरंगत होता.

मग विलास ओरडला.
पायरीवर कोण होतं राखायला?
एक तांबडं कुत्रं सर्जेरावची चप्पल तोंडात धरून
ब्रह्मपुरीच्या चढाला लागलेलं.
पाडव्याला घेतलेली, कापशीची, करकर वाजणारी चप्पल.
सर्जेराव लंगोटावर मागं पळाला. अर्धा चढ.
देवळात पाणी घालायला आलेल्या बायकांनी
तोंडं फिरवली, पण पदराआड हसल्या.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर
एक पाय चपलेत, एक दगडावर, बगळ्यागत सर्जेराव.
समोर म्हैस, धार चरवीत, चरवीतनं ग्लासात.
कोमट, फेसाळ, म्हशीच्या अंगाचा वास असलेलं दूध.
दस्तगीरच्या केसांतनं ठिबकणारे थेंब
त्याच्याच ग्लासात पडत होते.
"पाणी हाय की दुधात," विलास म्हणाला,
आणि म्हैसवाला चरवी ठेवून भांडायलाच उठला.
त्याला समजावण्यात पाव तास गेला.
तेवढा वेळ दस्तगीरच्या मिशीला फेस तसाच.
कुणी सांगितलं नाही.

माझ्या शर्टाचं वरचं बटण लोंबतंच आहे.
बायको म्हणते, "द्या इकडं, लावते."
म्हटलं, असू दे.
आता कपडे राखायच्या पाळ्या लावल्यात आम्ही.
पहिली माझी.
सुईत दोरा ओवायचा सराव चाललाय,
चष्मा लावून, दिव्याखाली.
अजून काय जमलेलं नाही.