दहा मोजेपर्यंत

हामरफेस्टला जानेवारीत सकाळ होत नाही,
फक्त ड्यूटी बदलते.

रात्री साडेअकराला आस्लाउगबाईंना आणलं.
उजवी बाजू लुळी, तोंड डावीकडे ओढलेलं,
कपड्यांना आमिषाचा वास.
चाळीस वर्षं धक्क्यावरच्या खोपीत उभ्या राहून
गळाला मासळीचे तुकडे लावायच्या, हजारो, रोज.
घरी एकट्याच पडल्या होत्या, किती वेळ कुणास ठाऊक,
म्हणून गुठळी विरघळवणारं औषध देता आलं नाही.
राहिला माझा कागद. दर दोन तासांनी.

"कोणता महिना चालू आहे?"
नियम असा, की पहिलं उत्तर तेच धरायचं.
सुचवायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही.
त्यांनी खिडकीकडे पाहिलं.
"काळोख," म्हणाल्या.
चूक. एक गुण.
आमच्याकडे गुण चुकीलाच मिळतात.
नोव्हेंबरात बुडालेला सूर्य अजून वर आलेला नाही,
आणि माझे वडीलही या दिवसांना दुसरं काही म्हणत नसत,
पण कागद दक्षिणेकडे कुठेतरी छापलेला.

"उजवा हात समोर धरा." मी मोठ्याने मोजते,
एक, दोन, तीन,
सहाला हात गादीवर आला
ओल्या हातमोज्यासारखा.
दोन.

मग चित्रांचा तक्ता.
मोजा ओळखला. किल्ली ओळखली.
निवडुंगापाशी नुसतं "काटे."
पिसावर बोट बराच वेळ थांबलं, आणि मग: "एडर."
तक्त्यात पक्षी नाही, एकटं पीस आहे.
पण इथे पीस नुसतं पीस कुठे असतं?
ते एडर बदकाचं असतं, घरट्यातून वेचलेलं,
कुणाच्या तरी उशीत गेलेलं.
पेन उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं.

एक वाजता मुलाचा फोन, तोर्लाइफचा,
बेअर बेटाजवळच्या ट्रॉलरवरून, मध्येच तुटणारा.
"आकडा सांगा."
"अकरा."
"शंभरातले?"
"बेचाळिसातले. आणि कमी तितकं चांगलं."
समुद्राचा आवाज.
"उद्या दुसरा कागद भरू, बार्थेलचा.
जेवण, आंघोळ, जिना. त्यात जास्त तितकं चांगलं."
"म्हणजे आईनं चढायचं की उतरायचं?"
मी म्हटलं, दोन्ही.
ग्लासगोच्या कागदावर
तीनच्या खाली जाताच येत नाही,
मेलेल्यालाही तिथे तीन मिळतात,
हे त्याला सांगितलं नाही.

दीडला अकरा. साडेतीनला अकरा.

चारच्या सुमारास डावा हात
पांघरुणाच्या झालरीशी काहीतरी करू लागला.
आधी वाटलं, भ्रम.
मग दिसलं: एक दोरा ओढायचा, चिमटीत धरायचा,
वर काहीतरी टोचायचं, बाजूला ठेवायचं,
वेटोळं पुढे सरकवायचं. पुढचा दोरा.
उजव्या हाताचं काम
डावा शिकत होता,
इतका मंद, की मला घड्याळ बघावं लागलं.
सव्वीस गळ.
याला रकाना नाही. मी समासात लिहिलं,
"रुग्ण गळ लावते आहे," आणि वेळ.
डॉक्टर आयविंड सकाळी विचारतील, याचा अर्थ काय.
विचारू देत.

साडेसातला, जाता जाता,
"कोणता महिना?"
खिडकी तशीच होती.
त्या माझ्याकडे बघून, शब्द दातांत पकडून म्हणाल्या,
"जा-ने-वारी."
शून्य. बेरीज दहा.
ड्यूटीवर आलेली सोल्वाई म्हणाली, "अरे वा!"
मीही म्हटलं, वा. खोटं नव्हतं ते.

पार्किंगमध्ये बर्फ खरवडून झाल्यावर
काय वाटलं कुणास ठाऊक,
मी माझा उजवा हात समोर धरला
आणि मोजू लागले, मोठ्याने, गाडीच्या दिव्यांत.
आठला थरथरला. खाली सरकला.

एक.